एमजीबी घेतलीस, आता हात काळे कर

भाऊ, एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घरी आली, अभिनंदन! पण पहिल्याच रविवारी कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) खोलायचा मोह आवर. आधी तुझे पाने बघ. या गाडीचे बोल्ट इंचाच्या मापाचे: ७/१६, १/२, ९/१६. मिलिमीटरच्या पान्याने जोर लावलास की बोल्टचं डोकं गोल झालंच म्हणून समज. माझं झालं होतं, मग नाशिकच्या अंबडमधल्या लेथवाल्याकडे चकरा.

बॅटरीला हात लावण्याआधी अर्थिंग तपास, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते. १९६७ पर्यंतच्या बहुतेक एमजीबीत बॉडीला प्लस जोडलेला असायचा, आणि सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. मधल्या मालकाने बदल केलेला असू शकतो, तेव्हा तारा स्वतः बघ. उलटा रेडिओ जोडलास तर धूरच.

सुरुवात ग्रीसगनने कर. पुढची चाकं उचल, स्टँड लाव (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, कधीच नाही) आणि किंगपिनच्या (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) निपलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या तोटीतून, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भर. या गाडीच्या एसयू कंपनीच्या कार्बोरेटरच्या डॅशपॉटात (वरच्या तेलाच्या नळीत) पातळ इंजिन ऑइल लागतं. ते संपलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते, आणि नवखा माणूस मिश्रणाच्या सेटिंगशी खेळत बसतो.

ब्रेकचं काम मात्र पहिलं वर्षभर जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी बसूनच शिक. ट्रायल सकाळी गंगापूर धरणाच्या रस्त्याला घे. कसारा घाट रेडिएटर साफ केल्यावर.