वाचक विचारतात : बुटात पाणी शिरतं कुठून?

आषाढ लागला की गोल्फच्या या सदराच्या टपालात स्विंगपेक्षा पायांची गाऱ्हाणी जास्त येतात. यंदाची ही पाच, पाचही बडोद्याची.

लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या गोल्फ कोर्सवर आठवड्यातून दोनदा खेळतो. यंदा ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले महागाचे बूट घेतले, तरी नवव्या होलपर्यंत, म्हणजे अर्ध्या खेळापर्यंत, मोजे पिळावे लागतात. दुकानदार म्हणतो, ‘पाणी वरून गेलं असेल.’ बूट सदोष समजायचे का?
— एक वाचक, दांडिया बाजार

दुकानदाराला लगेच खोटं पाडू नका. बुटात पाणी शिरायच्या वाटा अनेक आहेत आणि ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द त्यांतल्या एक-दोनच बुजवतो.

सगळ्यांत मोठी वाट म्हणजे बुटाचं तोंड. पाऊस पँटवरून ओघळतो आणि मोजा ते पाणी वातीसारखं ओढून आत नेतो. पँट मोज्यात खोचली असेल तर तुम्ही स्वतःच पन्हळ लावून दिलीत म्हणायचं. रेनपँटचा काठ बुटाच्या कडेवरून बाहेर उतरला पाहिजे आणि वाकलात तरी मोजा उघडा पडता कामा नये. घोट्यापाशी वेल्क्रो असेल तर तो बुटावरूनच आवळा. हाफपँट घालून भर सरीत खेळणार असाल, तर बूट कितीही भारी असला तरी पाय ओले होणारच, हे धरून चला.

दुसरी वाट आतली आहे. तो तुमचा घाम. वॉटरप्रूफ बुटात बहुधा एक पातळ पडदा मोज्यासारखा आत बसवलेला असतो. गोर-टेक्स या नावाजलेल्या कापडातला मूळचा पडदा ताणलेल्या पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या कणापेक्षा शेकडो पटींनी मोठी असतात, म्हणून थेंब अडतो आणि वाफ सुटते. पण वाफ बाहेर पडते ती आतल्या-बाहेरच्या हवेतल्या ओल-उष्म्याच्या फरकामुळे. स्कॉटलंडच्या गार पावसात हा फरक भरपूर असतो. जुलैत बडोद्याची हवा आधीच गरम आणि पाण्याने भरलेली. वाफ जाणार कुठे? त्यात बुटाचं वरचं कापड पाणी प्यायलं की उरलीसुरली वाटही बंद होते. हाच बूट पौषात, सकाळच्या दवात, तुम्हाला उत्तम वाटेल.

तेव्हा भांडण्याआधी घरी परीक्षा घ्या. इनसोल काढा, बुटात टोकापर्यंत कोरडं वर्तमानपत्र गच्च भरा, वर वजन ठेवा आणि टबात पाच सेंटिमीटर पाण्यात वीस मिनिटं राहू द्या. पाणी जिभेच्या शिवणीपर्यंत चढू देऊ नका. मग बूट बाहेरून पुसून कागद एकेक करत काढा. सगळे कोरडे निघाले तर बूट निर्दोष, आणि दुकानदार बरोबर. तळाचा कागद ठिपक्याठिपक्यांनी भिजला असेल तर एखादी स्पाइकची (तळाच्या खिळ्याची) खोबण तडकली आहे. कडेचा भिजला असेल तर सोलचा जोड उघडला आहे. चवड्याच्या घडीपाशी ओल असेल तर पडदा वाकून वाकून तिथेच फाटला आहे. जुन्या बुटांत हे फार दिसतं.

दोष निघाला तर बिल शोधा. बऱ्याच कंपन्या पाणी न शिरण्याची एक किंवा दोन वर्षांची हमी देतात. मात्र त्याआधी बूट मोच्याकडे नेऊ नका. पडदा असलेल्या बुटाला घातलेला प्रत्येक टाका म्हणजे पाण्याला एक नवं भोक, आणि हमीही बहुधा तिथेच संपते.

कॉटनचे मोजे सोडवत नाहीत. मित्र लोकरीचे घाल म्हणतात. बडोद्याच्या उकाड्यात लोकर?
— एक वाचक, बाबाजीपुरा

हो, पण स्वेटरची लोकर नव्हे. बारीक धाग्याची, पातळ विणीची, मेरिनो मेंढीची. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओल धरतो, लोकर 16 टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. लोकर ही ओल धाग्याच्या पोटात ठेवते, त्यामुळे कातडीला ती उशिरा जाणवते. कॉटन भिजलं की मऊ पडून बसतं, पायाखाली त्याच्या वळ्या होतात, आणि भिजून फुगलेल्या कातडीवर त्या वळ्या घासल्या की फोड ठरलेलाच. मेरिनो खिशाला जड वाटली तर पॉलिएस्टर-नायलॉन मिश्रणाचे खेळाचे मोजे चालतील. फक्त लेबलवर कॉटनचं प्रमाण बघा, ते नगण्य हवं.

तरीही मोज्याच्या जातीपेक्षा मोज्यांची संख्या महत्त्वाची. बॅगेत झिपच्या पिशवीत दोन कोरडे जोड आणि एक छोटा पंचा ठेवा. नऊ होल झाले की बूट काढा, बोटांच्या बेचक्या पुसा, जोड बदला. पाच मिनिटांचं काम आहे. पावडर चिमूटभरच, मूठभर टाकलीत तर तिचा लगदा होऊन तोच टोचतो. मोज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवण्याची युक्ती थंडीतल्या दवात अर्धा तास निभते. पावसाळ्यात ती पाय घामात शिजवते.

बेचक्यांत खाज, पांढरी सोललेली कातडी दिसली तर ती बुरशी आहे. पाय कोरडे ठेवा आणि औषधविक्रेत्याकडून क्लोट्रिमॅझोलचं 1 टक्क्याचं मलम घ्या. बरं वाटलं की लगेच बंद करू नका. मधुमेह असेल तर मात्र घरगुती उपाय नकोत, थेट डॉक्टरांना दाखवा.

पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेले बूट, जेमतेम वीस वेळा घातले असतील. कपाटात डब्यात जपून ठेवले होते. यंदा पहिल्याच पावसात सोल सुटला आणि आतला फोम बिस्किटासारखा चुरला. एवढं जपूनही असं का?
— एक वाचक, रावपुरा

तुमच्या जपण्यात चूक नाही, चूक डब्यात आहे. मधल्या थरातला फोम पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतला ओलावा वर्षानुवर्षं त्याच्या रेणूंची साखळी तोडत राहतो. दमट गावात, बंद डब्यात, हे मुकाट्याने चालू असतं आणि वजन पडलं की एकदम उघडं पडतं. बूट घातला नाही म्हणून तो नवा राहत नाही. असा फोम चिकटवून काही होत नाही. फोम धड असून फक्त जोड सुटला असेल, तर मोची जुना गोंद खरवडून, दोन्ही बाजूंना नवा लावून, चिकट होईपर्यंत थांबून दाबून देईल. एक दिवस तरी घालू नका. पुढच्या खरेदीत ईव्हीए या दुसऱ्या जातीचा फोम आहे का ते विचारा. तो असा कुजत नाही. सवलतीतला बूट दुकानात किती वर्षं पडून होता, हेही विचारायला लाजू नका.

आता वाळवण्याबद्दल, कारण निम्मे बूट तिथेच मरतात. घरी आल्यावर काळा चिखल ओला असतानाच धुवा. तो सुकून आकसला की शिवणीत घट्ट बसतो. स्पाइकच्या भोवती जुना टूथब्रश फिरवा. लेस सैल, जीभ बाहेर, इनसोल काढून वेगळं. आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, तासाभराने बदला, मग दोन-तीन तासांनी पुन्हा बदला. हे बदलणंच लोक विसरतात, आणि ओला बोळा रात्रभर बुटातच राहतो. नंतर पंख्याखाली चोवीस तास, खूप भिजला असेल तर छत्तीस. हेअर ड्रायर नको, गाडीच्या काचेमागचं ऊन नको, गॅसजवळ तर नकोच; चामडं कडक होऊन तडकतं आणि गोंद मऊ पडतो. म्हणूनच आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याने एका महागड्या जोडापेक्षा दोन मध्यम जोड घ्यावेत, असं आमचं स्पष्ट मत.

चामड्याला खोबरेल चोपडू नका. ते चामडं ढिलं करतं आणि धूळ धरून ठेवतं. बूट पूर्ण वाळल्यावर बुटाचं क्रीम, तेही थोडं. कापडी बुटाला क्रीम-पॉलिश काहीच नको; पाणी झटकणारा फवारा पंधरा-वीस सेंटिमीटरवरून, गच्चीत किंवा अंगणात मारा आणि त्याची वाफ नाकात जाऊ देऊ नका.

डबक्यात उभं राहावं लागलं तर पायाखाली टॉवेल टाकता येतो का?
— एक वाचक, प्रतापनगर

नाही. गोल्फच्या नियम 8.1 प्रमाणे ते उभं राहण्याची जागा सुधारणं होतं, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन फटक्यांचा दंड. 1987 साली अमेरिकेत सॅन दिएगोतल्या टॉरी पाइन्स कोर्सवर व्यावसायिक गोल्फपटू क्रेग स्टॅडलर झाडाखाली टॉवेलवर गुडघे टेकून खेळला. पँट खराब होऊ नये, इतकाच हेतू. दंड न धरता फटक्यांच्या कार्डावर सही झाली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी तो बाद झाला.

पण डबक्यात उभं राहायची गरजच नाही. नियम 16.1 नुसार डबकं हे ‘तात्पुरतं पाणी’. चेंडू कोरड्यावर असला तरी तुमचे पाय पाण्यात येत असतील तर दंडाविना सुटका मिळते: होलच्या जवळ न जाता पूर्ण कोरडी अशी सगळ्यांत जवळची जागा ठरवा, तिथून एका क्लबच्या (खेळायच्या काठीच्या) लांबीत, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडा. पाणी मात्र नुसतं उभं राहिल्यावर दिसलं पाहिजे. पाय रगडून वर आणलेलं चालत नाही. दव यात येत नाही. पेनल्टी एरियात (तळं-ओढ्यासारख्या खूण केलेल्या जागेत) ही सुटका नाही.

आमच्या कॅडीला (खेळाची बॅग वाहणाऱ्या सोबत्याला) पावसाळ्यासाठी काय घेऊन द्यावं? तो कॅनव्हासच्या बुटात येतो.
— एक वाचक, अलकापुरी

गमबूट देऊ नका. अठरा होल म्हणजे सात-आठ किलोमीटर, त्यात पिंढऱ्या सोलतात आणि पाय उकडतो. जाळीच्या कापडाचे, पटकन वाळणारे, खोल खाचांच्या रबरी सोलचे बूट द्या. भिजतील, पण पाणी निघूनही जाईल. सोबत मोज्यांचे चार जोड, आणि नऊ होलनंतर तुम्ही मोजे बदलाल तेव्हा त्यालाही बसून बदलायला वेळ.