रोज माफी मागतो, तरी मन मोकळं का होत नाही?

"देवाने क्षमा केली असेल, तर मला तसं वाटत का नाही?" ख्रिस्ती श्रद्धा असलेल्यांकडून मी हा प्रश्न सारखा ऐकतो. पन्नाशीतले एक गृहस्थ तो घेऊन आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडिलांच्या आजारपणात त्यांनी धाकट्या भावाला उपचाराचा खर्च फुगवून सांगितला आणि वरचे पैसे स्वतःकडे ठेवले. वडील गेले, भावाला पत्ता लागला नाही. तेव्हापासून रोज रात्री त्याच पापाची कबुली, आणि चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी मात्र मागच्या बाकावर बसून राहायचं.

"किती वेळा कबूल केलं म्हणजे पुरे होईल?" मी विचारलं.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "खरं रडू येईल तेव्हा."

गाठ तिथे होती. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात पापं कबूल करणाऱ्याला क्षमेचं वचन आहे (1:9), पण त्याचा आधार देवाचा विश्वासूपणा आणि न्याय. आपले हुंदके नव्हेत. पुढे (3:20) तर म्हटलंय की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं, तरी देव मनापेक्षा थोर आहे. म्हणजे क्षमेनंतरही मन बोचू शकतं, हे पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

"मग पैशांचं काय? सुटलो?" हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

लूकच्या शुभवर्तमानातल्या 19व्या अध्यायातली जक्कयची गोष्ट आम्ही सावकाश वाचली. मुख्य जकातदार, लोकांच्या डोळ्यांत सलणारा. येशूला पाहायला तो उंबरावर चढून बसतो; येशू त्या झाडाखाली थांबून त्याच्या घरी उतरायचं ठरवतो, तोवर जक्कयने कसलीही कबुली दिलेली नाही. फसवून घेतलेलं चौपट परत करण्याची भाषा नंतरची. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात फसवून घेतलेली रक्कम आणि वर एक पंचमांश एवढीच भरपाई सांगितली होती. जक्कय त्याच्या पुष्कळ पुढे गेला, आणि माझ्या मते, जाऊ शकला तो आधीच स्वीकारला गेला होता म्हणून.

जाता जाता एक सांगतो. बारीकसारीक गोष्टींची तासन्‌तास कबुली, ठरावीक शब्द पुन्हापुन्हा म्हटल्याशिवाय झोप नाही, असं असेल तर तो मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो. अशांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. तो आजार आहे, श्रद्धेतली उणीव नव्हे.

गृहस्थांनी भावाला सगळं सांगितलं. भाऊ भडकला, फोन उचलेना. गृहस्थ तणतणत माझ्याकडे आले, "देवाने माफ केलं, मग याला काय झालं?"

मी म्हटलं, "तुम्हाला हे कित्येक वर्षं माहीत होतं, त्याला आत्ता कळलंय. देवाचं नाव पुढे करून त्याच्याकडून माफी वसूल करू नका. पैसे तेवढे पाठवत राहा."

ते पाठवतात. प्रभुभोजनही घेऊ लागलेत. भाऊ बोलायला लागेपर्यंत थांबायला हवं का, हे त्यांनी मला विचारलं नाही.