नववीची मुलं प्रकल्पाच्या शेवटी संदर्भ म्हणून नुसतं 'गुगल' लिहितात. संदर्भसूची कशी शिकवावी?

मी ठाण्यात इतिहास शिकवते, त्यामुळे हा 'गुगल' चांगलाच ओळखीचा आहे. एक सांगते, सूचीचा नमुना फळ्यावर लिहून देऊन सुरुवात करू नका. मुलं तो उतरवून घेतात आणि आदल्या रात्री हाताला लागेल ते त्यात कोंबतात.

आधी नोंद घ्यायची सवय लावा. प्रकल्पाच्या वहीत रुंद समास आखायचा. पानावर माहिती, समासात ती कुठून घेतली ते, पान क्रमांकासकट आणि तिथल्या तिथे. समास कोरा राहिला तर ती ओळ प्रकल्पात नाही. यात सूट देऊ नका.

मग एखाद्या वाक्याचा माग काढायला लावा. आमच्याकडे हमखास चालतं ते 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी. अंतर कुणी 34 किलोमीटर लिहितं, कुणी 21 मैल. मैलवाल्याने बहुधा जुनं किंवा इंग्रजी काहीतरी पाहिलंय, हे वर्गच ओळखतो. गुगल म्हणजे पत्ता सांगणारा पानवाला. त्याच्या घरी कुणी जेवलेलं नसतं!

पुस्तक प्रत्यक्ष हातात द्या. मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून ठाण्यात आहे, तिथे न्या. शीर्षकपान उलटून मागची बाजू दाखवा: प्रकाशक, आवृत्ती, पुनर्मुद्रण, सगळं तिथे असतं. 1882 च्या ठाणे गॅझेटियरची (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाची) नंतर छापलेली प्रत वापरली तर दोन्ही सालं लिहायची, नाहीतर तेव्हाची लोकसंख्या आजची म्हणून खपते. जुन्या पुस्तकावर नुसतं शके 1815 असेल तर 78 मिळवायचे (जानेवारीपासून पाडव्यापर्यंत 79).

मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचं आडनाव आणि आद्याक्षरं असतात, तिकडे मुलांचं लक्षच जात नाही. विकिपीडियावर बंदी घालू नका, तळटीपेतला मूळ लेख उघडायला सांगा. चॅटजीपीटीने सुचवलेलं पुस्तक मात्र स्वतः पाहिलं असेल तरच सूचीत, कारण ते नसलेली पुस्तकंही बेधडक सांगतं.

एपीए, एमएलए या संदर्भ लिहायच्या ठरीव पद्धती कॉलेजात बघतील. शाळेत आडनाव, नाव, पुस्तक, प्रकाशक, गाव, साल, आणि सगळं अकारविल्हे, एवढं पुरे. तोंडीच्या वेळी सूचीतल्या कुठल्याही पुस्तकावर बोट ठेवून विचारा, "यातलं काय घेतलंस, कुठल्या पानावरून?" ज्याने समास भरलाय तो लगेच वही उघडतो.