खोकला आला की धडकीच भरते

प्रश्न : ताई, वय ४६, सिडकोत राहते, दोन नॉर्मल डिलिव्हरी झाल्यात. शिंक, खोकला आला की थोडी लघवी होतेच, परवा पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना तर ड्रेस ओला झाला, तेव्हापासून मैत्रिणींबरोबर जाणंच बंद केलंय. डॉक्टर म्हणतात फिजिओथेरपी घ्या. व्यायामाने हे कसं थांबणार?

उत्तर : बऱ्याच जणींचं थांबतं, निदान खूप कमी तरी होतं. मूत्राशयाला खालून झोळीसारखे धरणारे स्नायू डिलिव्हरीत ढिले पडतात, तेच घट्ट करायचे. गॅस अडवताना आवळतो ना, तसं आत-वर ओढायचं, पाच-सहा सेकंद धरायचं मग तेवढाच वेळ पूर्ण सैल, असं ८ वेळा, दिवसातून ३ दा आणि किमान ३ महिने, आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. श्वास रोखू नका. गंमत म्हणजे कित्येकजणी उलट खालीच जोर लावतात, म्हणून फिजिओकडून एकदा तपासून घ्याच. लघवी मधेच अडवून प्रॅक्टिस नको. शिंक येतेय वाटलं की आधीच आवळा. आणि भीतीने पाणी तोडू नका हं. जळजळ किंवा रक्त दिसलं तर मात्र आधी डॉक्टर.