बडोद्याच्या ५७७ धावांच्या भागीदारीचा विक्रम मोडला की अजून उभा आहे?

मंडळाच्या प्रश्नमंजूषेसाठी विचारताय, तर दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. प्रश्नच अर्धवट आहे. मार्च १९४७, रणजी करंडक क्रिकेटचा अंतिम सामना, बडोद्यातच, समोर इंदूरचा होळकर संघ. ३ बाद ९१ वरून विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. बडोदा ७८४, होळकर २०२ आणि १७३. एक डाव ४०९ धावांनी विजय! कुठल्याही गड्यासाठीचा तो प्रथम श्रेणीतला (तीन किंवा जास्त दिवसांच्या सामन्यांतला) विक्रम २००६ मध्ये कोलंबोत श्रीलंकेच्या संगकारा-जयवर्धने यांनी ६२४ धावांनी मोडला. पण ती तिसऱ्या गड्याची भागीदारी. चौथ्या गड्याचा विक्रम आजही आपल्या बडोद्याकडेच आहे. म्हणून प्रश्नात ‘चौथ्या गड्यासाठी’ हे शब्द घालाच, नाहीतर भांडण ठरलेलं.

अजून एक चूक हमखास होते. हजारे २८८, गुल महंमद ३१९, बेरीज ६०७. मग लोक ५७७ चुकीचं ठरवतात. भागीदारी म्हणजे दोन गडी पडण्यामधल्या संघाच्या धावा, अवांतर धरून. जोडीदार वेगळा असताना काढलेल्या धावा त्यात येत नाहीत.