होर्डिंगवरची जाहिरात झाकून तिथे आपली चित्रं लावणाऱ्या कलाकारांना काय साधायचं असतं? हे विद्रूपीकरणच नाही का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते छोटं आहे. परवानगी न घेता दुसऱ्याच्या फलकावर काही चिकटवणं किंवा रंगवणं बहुतेक ठिकाणी गुन्हाच धरला जातो, आणि हे करणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. पण न्यूयॉर्कमध्ये २००९ साली काय झालं ते बघा. जॉर्डन सायलर या कलाकाराने बऱ्याच जणांना सोबत घेऊन शंभरएक जाहिरातफलकांवर पांढरा रंग फासला आणि त्या कोऱ्या जागा चित्रकारांच्या हवाली केल्या. काहींना अटकही झाली. ज्या फलकांना त्यांनी हात लावला, ते मुळात शहराची परवानगी न घेताच उभे होते! बेकायदा जाहिरात आपल्याला रस्त्याचाच भाग वाटते आणि बेकायदा चित्र मात्र लगेच डोळ्यांत खुपतं. ही सवय आपल्याला कशी लागली, हे त्या लोकांना विचारायचं होतं.

मी पोटापाण्यासाठी जाहिरातींचे लेआउट करतो. होर्डिंगचे तर कितीतरी केले असतील. या धंद्यात शिरलं की सुरुवातीलाच सांगतात: मजकूर सहा-सात शब्दांचा, चित्र एकच, आणि गाडीतून जाणाऱ्याला तीन-चार सेकंदांत कळलं पाहिजे. बघणाऱ्याने थांबावं, शंका घ्यावी, अशी अपेक्षाच नसते. मासिकाचं पान उलटता येतं, टीव्ही बंद करता येतो. रस्त्यावरच्या फलकाला नको म्हणता येत नाही आणि उलट उत्तरही देता येत नाही. मला भावलेली कामं नेमकी या दोन दुखऱ्या जागांवर बोट ठेवतात.

उलट उत्तर देण्याचं सगळ्यात साधं उदाहरण जी ली यांचं. ते स्वतः जाहिरात क्षेत्रातले. २००२ मध्ये त्यांनी कॉमिक्समध्ये पात्रांच्या तोंडाशी असतो तसा बोलण्याचा फुगा कोऱ्या स्टिकरवर छापून घेतला, तोही हजारोंच्या संख्येने, आणि न्यूयॉर्कभर जाहिरातींतल्या माणसांच्या तोंडाशी ते स्टिकर चिकटवले. बाकी काही केलं नाही. काही दिवसांनी परत जाऊन बघितलं तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी फुगे भरून टाकलेले. कुणी राजकारणावर लिहिलेलं, कुणी टिंगल केलेली, कुणी मनातलं मोकळं केलेलं. लोकांना बोलायचं होतं, फक्त कुणी जागा दिली नव्हती. कलाकाराने स्वतः गप्प राहून दुसऱ्याला बोलतं करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याउलट जाहिरातीतलाच मजकूर फिरवून विडंबन करण्याचा प्रकार आहे, त्याला सबव्हर्टायझिंग म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोतला बिलबोर्ड लिबरेशन फ्रंट हा गट १९७७ पासून ते करत आला. खरं सांगायचं तर बरीचशी विडंबनं मला पोकळ वाटतात. लोगो तोच, रंग तेच, अक्षरांचं वळण तेच. बघणाऱ्याच्या डोक्यात ब्रँडच घट्ट बसतो. पण ऑस्ट्रेलियातल्या बुगा अप या गटापुढे मी हात जोडतो. १९७९ पासून हे लोक, त्यांत डॉक्टरसुद्धा होते, रंगाचे स्प्रे घेऊन सिगारेटच्या फलकांवरची अक्षरं खोडत, बदलत, आणि पकडले गेले की कोर्टात उभे राहून तंबाखूने माणसं मरतात हे सांगत. तिथे खोटेपणा उघडा होता आणि त्याची किंमत लोक जिवाने मोजत होते, म्हणून ते विडंबन लागू पडलं. पुढे १९८७ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने तंबाखूच्या रस्त्यावरच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा केला आणि १९९२ मध्ये देशभराचा कायदा झाला. त्याचं सगळं श्रेय या गटाला देता येणार नाही. पण फलकावरची सिगारेट हा वादाचा विषय आहे, हे आधी रस्त्यावर दिसलं.

पॅरिसमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये, हवामान परिषदेच्या तोंडावर, ब्रँडलिझम या गटाने सुमारे ६०० पोस्टर बसथांब्यांच्या काचांमागे बसवले. १९ देशांतल्या ८२ कलाकारांची ती कामं होती. परिषदेला पैसा पुरवणाऱ्या कंपन्या आणि त्यांचं प्रदूषण, हा विषय.

आता ज्या कामामुळे मी हे उत्तर लिहायला बसलो त्याकडे येतो. त्यात कुणाचा फलक झाकलेला नव्हता, सगळं परवानगीने झालेलं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या २४ होर्डिंगवर फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांचा एक कृष्णधवल फोटो लागला. नुकताच सोडलेला पलंग, चुरगळलेली पांढरी चादर, शेजारी शेजारी दोन उशा आणि प्रत्येक उशीत डोक्याचा खळगा. एवढंच. एक शब्द नाही, लोगो नाही, फोन नंबर नाही. त्यांचा जोडीदार आदल्या वर्षी एड्सने गेला होता. पुढे १९९६ मध्ये ते स्वतःही त्याच आजाराने गेले. माझ्या धंद्याच्या नजरेने बघा: इतक्या मोठ्या जागेवर मजकूर नसला की माणूस आपोआप कोपऱ्यात नाव शोधतो. हे कशाचं आहे? गाद्यांचं? हॉटेलचं? नाव सापडत नाही, तीन-चार सेकंद संपून जातात आणि नजर त्या खळग्यांवर अडकते. मी तो फक्त छापील फोटोत पाहिलाय, तरी मला तो विसरता येत नाही. सगळं शहर काहीतरी विकत असताना एका माणसाने तिथे आपला शोक ठेवला आणि बदल्यात काहीच मागितलं नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याच एका डिझाइनचा फ्लेक्स चढताना बघायला मी रात्री गेलो होतो. जवळून होर्डिंग फार वेगळं दिसतं. मॉडेलचा गाल म्हणजे जाडेभरडे ठिपके, कडेने लोखंडी रिंगा, त्यांतून ओवलेली दोरी. वर चढलेल्या दोन मुलांनी जुना फ्लेक्स सोडला आणि तो सळसळत खाली आला. सांगाड्यातून मागची इमारत दिसली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत दिवा होता आणि एक बाई गजांना धरून बाहेर बघत उभी होती. बहुधा आवाजामुळे आली असेल. तिला किती महिन्यांनी रस्ता दिसला, कोण जाणे. पाऊण तासाने माझा फ्लेक्स ताणून बांधला गेला. तिची खिडकी माझ्या डिझाइनमधल्या आकाशाच्या निळ्या भागामागे गेली.

म्हणून साव पावलोची गोष्ट मला जवळची वाटते. ब्राझीलच्या या शहराने २००६ मध्ये कायदा केला आणि २००७ पासून रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या जाहिराती उतरवल्या. सुमारे १५,००० होर्डिंग गेली. मागे दडलेल्या वस्त्या, जुन्या इमारती उघड्या पडल्या. मोकळ्या भिंतींवर पुढे मोठमोठी भित्तिचित्रं आली. पण सगळंच गोड नव्हतं. शहर स्वच्छ करण्याच्या भरात २००८ मध्ये ओस जेमिओस या जुळ्या भावांनी इतरांसोबत केलेल्या भल्यामोठ्या भित्तिचित्रावरही करडा रंग मारला गेला आणि नंतर ते पुन्हा रंगवून घ्यावं लागलं. काही वर्षांनी बसथांबे आणि रस्त्यावरची घड्याळं यांवरून जाहिराती परतल्याही.

तेहरानमध्ये २०१५ च्या मे महिन्यात पालिकेनेच दहा दिवस सुमारे १,५०० फलकांवर इराणी आणि जगभरची चित्रं लावली होती. दहा दिवसांनी जाहिराती परत. मला ते छान वाटतं, पण पाहुणचार वाटतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलने त्याच्या आदल्या वर्षी ३२६ जाहिरातफलक काढून टाकायचं ठरवलं आणि त्यांच्या जागी झाडं लावायची योजना केली. ते जास्त पक्कं काम.

तर काय साधतं? फलक उतरवायला शेवटी कायदाच लागतो. पोस्टर तर काही तासांतही निघतं. पण सांगाड्यावर दुसरं काही असू शकतं, किंवा काहीच नसू शकतं, हे एकदा दिसल्याशिवाय असा कायदा मागायचं कुणाच्या मनात येईल, असं मला वाटत नाही. आणि आता घाई आहे, कारण कागदाच्या जागी स्क्रीन येतायत. दर काही सेकंदांनी चित्र बदलणाऱ्या, रात्रभर उजळणाऱ्या स्क्रीनवर खळ लावून पोस्टर चिकटवणं सोपं नाही.

मी स्वतः कुणाचा फलक झाकलेला नाही आणि धंदाही सोडलेला नाही. त्या रात्रीनंतर एक मात्र करतो. होर्डिंगचं काम आलं की साइटचा मागच्या बाजूने काढलेला फोटो मागतो. मागे खिडक्या असल्या तर ते काम घेत नाही. आतापर्यंत चार कामं अशी सोडली.