सल्लागाराने लिहिलेलं मॅन्युअल कंपनीचं कधी होतं?

प्रश्न : आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आहे. एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले मेथडिंगचे (धातू साच्यात कसा ओतायचा याच्या आखणीचे) जाणकार सहा वर्षं आमचे सल्लागार होते. रिजेक्शन कमी करण्याचं मॅन्युअल आणि गेटिंग-रायझरच्या (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा आणि जादा धातूचा साठा यांच्या) हिशेबाची एक्सेल शीट त्यांनी तयार केली. नव्या मुलांसाठीचे व्हिडिओही आम्ही त्यांच्याकडून करून घेतले. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांचं काम थांबलं. आता ते गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीला सल्ला देतात आणि तिथे आमचीच शीट चालते. पैसे आम्ही दिले, मग हे सगळं आमचं नाही का? नोटीस पाठवावी का? त्यांचं शेवटचं बिल आम्ही अडवून ठेवलं आहे.

उत्तर : बिल आधी चुकतं करा. नोटीस पाठवू नका. दोन्हीचं कारण एकच आहे, ते पुढे येईल.

‘पैसे आम्ही दिले’ हे वाक्य अशा प्रत्येक पत्रात असतं. सल्लागाराने लिहिलेल्या मजकुराबाबत कॉपीराइट कायदा, १९५७ पैसे कोणी मोजले ते पाहत नाही. लिहिणारा तुमच्या नोकरीत होता का? नसेल, तर हक्क तुम्हाला दिल्याचा त्याच्या सहीचा कागद आहे का? एवढंच तो विचारतो.

तुमच्याच कागदांवर नोकरीचा मुद्दा संपतो. पगारपत्रक नाही, पीएफ नाही. दरमहा त्यांचं बिल यायचं आणि तुम्ही कलम १९४जे खाली व्यावसायिक फीचा टीडीएस कापायचा. ते आठवड्यातून दोन दिवस, स्वतःच्या सवडीने यायचे आणि इतरांचंही काम करायचे. नोकराने कामाचा भाग म्हणून केलेलं लेखन मालकाचं होतं, हे कलम १७(ग) तुमच्या मदतीला येईल असं मला दिसत नाही.

आता वर्क ऑर्डर. अकराव्या अटीत लिहिलं आहे की सर्व कागदपत्रं, आकडेमोड आणि अहवाल कंपनीच्या मालकीचे राहतील. अट चांगली आहे. पण खाली सही फक्त तुमच्या खरेदी विभागाच्या माणसाची आहे, आणि ‘स्वीकारले’ या शब्दासमोरची जागा कोरी. सहा वर्षं दर एप्रिलला नवी ऑर्डर निघाली, सहाही वेळा ती जागा कोरीच राहिली. कलम १९(१) म्हणतं की हस्तांतर लेखी हवं आणि त्यावर हक्क देणाऱ्याची किंवा त्याने रीतसर नेमलेल्या प्रतिनिधीची सही हवी. घेणाऱ्याची सही चालत नाही. तुमचं सगळं प्रकरण त्या कोऱ्या जागेवर अडलं आहे. पाच मिनिटांचं काम होतं, आणि ते न केल्यामुळे तुमच्या कारखान्याचं सहा वर्षांचं शहाणपण आज कायद्याने दुसऱ्याच्या नावावर आहे. याचा मला मनापासून राग येतो, कारण हे नुकसान टाळता येण्यासारखं होतं.

२०२२ च्या ऑर्डरला त्यांनी ईमेलवर ‘मान्य’ असं उत्तर दिलंय, ते जपून ठेवा. ईमेलने करार होऊ शकतो. त्याला कलम १९ ची सही मानायचं का, हा वादाचा मुद्दा राहील. मी त्या एकट्यावर दावा उभा करणार नाही.

व्हिडिओंची गोष्ट वेगळी आहे. चित्रीकरण तुम्ही ठरवलंत, कॅमेरावाला तुम्ही लावलात, जबाबदारी तुमची होती. चित्रफितीचा कर्ता कायद्याने तिचा निर्माता असतो, आणि मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रफितीला कलम १७(ख) चाही आधार आहे. ते व्हिडिओ तुमचेच.

शीटमधल्या कशावर हक्क सांगायचा, तेही नीट पाहा. कास्टिंग (साच्यात ओतलेला भाग) गोठेपर्यंत रायझरमधला धातू पातळ राहिला पाहिजे, हा हिशेब ख्वोरिनोव्हच्या नियमावर चालतो आणि तो १९४० पासून जगजाहीर आहे. त्यावर ना तुमची मालकी, ना त्यांची. कॉपीराइट कल्पनेला नसतो, मांडणीला असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद प्रकरणात १९७८ मध्येच सांगितलं आहे. पण कोणत्या पार्टला, वाळूत किती ओल असताना, कोणत्या जागी ब्लोहोल (वायूमुळे पडणाऱ्या पोकळ्या) आले आणि काय बदलल्यावर थांबले, ही नोंद तुमच्या शॉप फ्लोअरवर, तुमचा माल भंगारात घालून मिळालेली आहे. तुमच्याकडे खरं मौल्यवान काही असेल तर ते हेच.

या नोंदीसाठी गोपनीयतेचा वेगळा दावा होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ च्या झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल प्रकरणात याच्या कसोट्या मांडल्या आहेत : माहिती नेमकी कोणती ते दाखवा, ती विश्वासाने दिली होती ते दाखवा, मुळात ती गोपनीय होती ते दाखवा. तिसऱ्या जागी तुम्ही अडखळाल. ती शीट तुम्ही पॅटर्नवाल्यांच्या (साच्यासाठीचे नमुने बनवणाऱ्यांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती, असं तुम्हीच लिहिता. व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात केली, पण शिफारशीवर दावा उभा राहत नाही.

त्यांना दुसऱ्या फाउंड्रीत जाण्यापासून रोखायचा विचार सोडून द्या. १९६७ च्या निरंजन गोळीकरी प्रकरणाचा दाखला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यातून टायर-कॉर्डचं (टायरमधल्या मजबूत धाग्याचं) तंत्र शिकलेला माणूस पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तेव्हा न्यायालयाने त्याला उरलेल्या मुदतीपुरतं रोखलं. तुमच्या ऑर्डरची मुदतच संपली आहे. त्यानंतरचं बंधन करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही.

म्हणून तुम्हाला हवी आहे त्यांची सही. नोटीस गेली की त्यांचा वकील उत्तर देईल : ‘मालक मी, वापर थांबवा.’ तुम्ही करवून घेतलेलं काम तुम्हाला वापरायची परवानगी गृहीत धरली जाण्याची शक्यता बरीच आहे, पण तो वाद उकरून काढण्यात तुमचा फायदा नाही. अडवलेल्या बिलामुळे तर तुमची बाजूच नैतिकदृष्ट्या पडते. घरी जाऊन भेटा, बिल द्या, आणि वेगळा मोबदला ठरवून हस्तांतराचा दस्त करा.

दस्तात मॅन्युअल आणि शीटची आवृत्ती, तारीख, फाइलचं नाव घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, म्हणून ‘कॉपीराइटची संपूर्ण मुदत’ लिहा. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. निर्यातीचं काम करत असाल तर ‘संपूर्ण जग’ लिहा. कलम १९(४) प्रमाणे मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही तर हस्तांतर आपोआप रद्द होतं, म्हणून हे कलम लागू होणार नाही असं स्पष्ट लिहा. मोबदल्याचा आकडा घाला. मुद्रांक सहीआधी भरा. आणि सर्वसाधारण सूत्रं व अनुभव वापरायला त्यांना मोकळीक द्या. हे वाक्य असलं तरच ते सही करतील, असं मला वाटतं.

सही नाकारली तर कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयातलं व्यावसायिक न्यायालय. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे, हे पाटील ऑटोमेशन प्रकरणात २०२२ मध्ये पक्कं झालं. मनाई मागाल, तर ‘शीट तिकडे चालते हे केव्हा कळलं?’ हा पहिला प्रश्न येईल. तुम्हाला दिवाळीत कळलं आणि पत्र होळीनंतर लिहिलंत. इतका उशीर तात्पुरत्या मनाईच्या विरोधात जातो. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, त्यामुळे अपिलासाठी मुंबईच्या खेपा तरी वाचतील. निकाल लवकर लागेल असा भरवसा मात्र कोणी देऊ शकत नाही. तुमच्या पार्टची डिझाइन त्याआधीच बदललेली असतील.

सध्या तुमच्याकडे आणखी दोन सल्लागार येतात, असं पत्रात आहे. पुढे तयार होणाऱ्या कामाचंही हस्तांतर आधीच करता येतं, कलम १८ त्याला परवानगी देतं. त्यांच्या वर्क ऑर्डरवर याच आठवड्यात सह्या घ्या, आणि आजवर केलेल्या कामासाठी दोघांकडून वेगळा दस्त करून घ्या.